हिरडीतून रक्तात : हैदराबादच्या प्रयोगांची गोष्ट

१८८९च्या अखेरीस लंडनचे डॉक्टर थॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादला येऊन पोचले. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं त्यांना धाडलं होतं, आणि खर्चासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारनं एक हजार पौंड मोजले होते. काम एकच होतं. क्लोरोफॉर्म हुंगवून भूल दिलेला रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावर दगावतो, तेव्हा आधी श्वास थांबतो की आधी हृदय, याचा निकाल लावायचा.

हा वाद तोवर चाळीस वर्षांचा झाला होता. १८४७ साली एडिंबरोत जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणलं आणि पुढच्याच जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. तेव्हापासून डॉक्टरांत दोन तट पडले. एडिंबरोची मंडळी म्हणत, रोग्याच्या श्वासावर नजर ठेवा, नाडीकडे बघत बसू नका. लंडनची मंडळी नाडीवरचं बोट उचलायला तयार नव्हती. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोचे, जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकलेले. हैदराबाद मेडिकल स्कूलचे ते प्रमुख होते, आणि अफझलगंजच्या इस्पितळात त्यांच्या पद्धतीनं हजारो लोकांना क्लोरोफॉर्म दिलं जात होतं. हे इस्पितळ साऱ्या निजामी मुलखाचं. त्या मुलखात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हेही होते.

लॉरींनी १८८८ साली पहिलं 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन' नेमलं. शहरातली सव्वाशेहून अधिक भटकी कुत्री गोळा करून त्यांना क्लोरोफॉर्म देण्यात आलं. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय नंतर. लॅन्सेटला हा निष्कर्ष पटला नाही, म्हणून ब्रंटन यांना बोलावून दुसरं कमिशन भरवलं. या वेळी कुत्र्यांबरोबर माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं आणि ससेही आले. एकंदर चारशेहून अधिक जनावरं. रक्तदाबाच्या रेषा कागदावर टिपून घेतल्या, त्यांची छायाचित्रं काढली. त्या काळात वैद्यकातल्या एका प्रश्नासाठी इतकी मोठी मोहीम क्वचितच कुठे झाली असेल, आणि ती भारतातल्या एका संस्थानाच्या राजधानीत झाली. याच लॉरींच्या शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी पुढे कित्येक वर्षं हैदराबादच्या इस्पितळांत क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

कमिशनचा निकाल लॉरींच्या बाजूनं लागला: क्लोरोफॉर्मचा धोका श्वासाला, हृदयाला थेट धोका नाही.

हा निकाल अपुरा ठरला. १९११ साली लंडनमध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की भूल हलकी असताना, त्यात शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन वाढलेलं असताना, हृदय एकाएकी लय सोडून नुसतं थरथरत राहतं आणि थांबतं. घाबरलेला रोगी, भुलेची सुरुवात, अर्धवट शुद्ध: हॅना ग्रीनरसारखे मृत्यू याच घडीला होत होते. हैदराबादला जनावरांना क्लोरोफॉर्म मुबलक दिलं, ती गाढ भुलेत गेली, आणि गाढ भुलेत श्वासच आधी जातो. मोजमाप चोख होतं. पण ज्या परिस्थितीत माणसं मरत होती ती परिस्थिती मेजावर मांडलीच गेली नव्हती. जनावरं चारशेची चार हजार केली असती तरी उत्तर तेच आलं असतं.

एखादा पदार्थ शरीरात कुठून शिरतो, किती शिरतो, किती वेगानं शिरतो आणि शिरल्यावर काय करतो, या प्रश्नाशी हैदराबादचं नातं असं जुनं आहे. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत याच शहरात प्रयोगाची जनावरंही मोठ्या प्रमाणावर पोसली गेली आणि माणसाच्या तोंडातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवण्याचं कामही झालं. त्या दुसऱ्या कामाकडे अजून म्हणावं तसं लक्ष गेलेलं नाही. खरं तर तंबाखू आणि सुपारी तोंडात धरणाऱ्या देशाला त्याची गरज सगळ्यांत जास्त आहे.

तोंड हे औषधाचं दार आहे, हेही १८४७ सालीच कळलं होतं. इटलीत तुरिनला आस्कानियो सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन तयार केलं आणि त्याचा थेंबभर अंश जिभेवर ठेवून पाहिला. डोकं भयंकर ठणकलं. पदार्थ पोटात गेलाच नव्हता, तरी तो रक्तात पोचला होता. १८७९मध्ये विल्यम मरेल यांनी लॅन्सेटमध्येच या द्रव्याचा छातीच्या कळेवरचा उपयोग मांडला. आज घरोघरी हृदयरोग्यांच्या खिशात असते ती सॉर्बिट्रेटची गोळी त्याच घराण्यातली. छातीत कळ आली की ती जिभेखाली ठेवतात, कारण तिथल्या शिरांमधलं रक्त यकृताकडे वळसा न घेता आधी हृदयाकडे जातं.

पण तोंडाचं अस्तर सगळीकडे सारखं नसतं. जिभेखाली ते पातळ आणि ओलसर असतं. गालाच्या आत जाड असतं, तरी मऊ. हिरडी आणि टाळूचा पुढचा भाग यांच्यावर मात्र केराटिन या कडक प्रथिनाचा थर असतो, कारण भाकरी चावताना घर्षण तिथे होतं. म्हणून हिरडीतून पदार्थ सहज आत जाणार नाही असं वाटेल. पण तिचा दाताला चिकटलेला काठ वेगळा आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी बारीक खाच असते, तिच्या आतल्या बाजूला केराटिन नसतं आणि थरही थोडे असतात. पायोरिया झालेल्या, सुजून रक्त येणाऱ्या हिरडीत तर ही भिंत ठिकठिकाणी उघडी पडलेली असते.

तंबाखू खाणाऱ्यांना हे रसायनशास्त्र न शिकता ठाऊक आहे. तळहातावर तंबाखू घ्यायची, त्यात बोटभर चुना टाकायचा, अंगठ्यानं मळायचं, वरून दोन थापट्या मारायच्या आणि चिमूट हिरडी आणि ओठाच्या मधे दाबून ठेवायची. चुन्याचं काम इथे फार मोठं आहे. आम्लधर्मी द्रवात निकोटिनच्या रेणूवर विद्युत भार असतो आणि भार असलेला रेणू पेशींच्या स्निग्ध पडद्यातून सहज पार होत नाही. चुन्यामुळे तोंडातला तो कोपरा अल्कधर्मी होतो, भार उतरतो आणि निकोटिन झपाट्यानं आत शिरतं. चुना कमी पडला तर तंबाखू 'लागत' नाही, ही तक्रार कुठल्याही पारावर ऐकायला मिळते आणि ती शब्दशः खरी आहे.

मिश्रीची तऱ्हा वेगळी. तंबाखूची पानं तापल्या तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून भुकटी करायची आणि बोटानं दात-हिरड्यांवर घासायची. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत बायका ती दात स्वच्छ होतात म्हणून लावू लागतात. मग सकाळची मिश्री दुपारीही लागते, रात्रीही लागते, आणि मिश्री लावल्याशिवाय काम सुचत नाही अशी अवस्था येते. दात घासण्याच्या निमित्तानं हिरडीतून रोज निकोटिन घेतलं जात असतं. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि टूथपेस्ट यांच्यावर केंद्र सरकारनं १९९२ साली बंदी घातली. तव्यावर घरी भाजलेल्या मिश्रीपर्यंत ही बंदी पोचू शकत नव्हती.

या सवयींचा तोंडावर काय परिणाम होतो, याच्या शोधात मुंबईचा वाटा मोठा आहे, ही मराठी वाचकानं अभिमानानं लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. १९५३ साली एस. जी. जोशी यांनी सुपारी खाणाऱ्यांत दिसणाऱ्या एका दुखण्याचं वर्णन भारतीय वैद्यकीय नियतकालिकात केलं. तिखट लागताच आग होते, टाळू आणि गाल पांढुरके आणि ताठ होतात, हळूहळू तोंड उघडेनासं होतं. त्यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटलं आणि हेच नाव जगभर रूढ झालं. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता यांनी डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांच्याबरोबर खेड्याखेड्यांतून तोंडं तपासण्याचं काम हाती घेतलं. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. त्याच्या आदल्या वर्षी आंध्र प्रदेशातली १०,१६९ ग्रामस्थांची पाहणी आली होती. तिथे लोक, विशेषतः बायका, चुट्टा म्हणजे घरगुती चिरूट पेटलेलं टोक तोंडात धरून ओढत आणि टाळू भाजून निघे. बॅटरी हातात घेऊन दारोदार फिरत इतक्या माणसांच्या तोंडात डोकावणं म्हणजे काय कष्ट असतील याची कल्पनाच करावी. अनेक देशांत तोंडाच्या कर्करोगाची समज या आकड्यांवर उभी आहे.

पाहणीनं रोग कुणाला होतो ते कळलं. पदार्थ अस्तराच्या कुठल्या थरातून कसा उतरतो, हे त्यातून कळणं शक्य नव्हतं. त्यासाठी पुन्हा जनावरंच पुढे आली. तोंडाच्या कर्करोगाच्या प्रयोगांसाठी १९५४पासून हॅमस्टरच्या गालातली पिशवी वापरली जाऊ लागली. हा उंदरासारखा प्राणी त्या पिशवीत दाणे साठवतो, त्यामुळे तिथे पदार्थ ठेवणं सोयीचं. पण तिच्यावर केराटिन असतं, जे माणसाच्या गालाच्या आत नसतं. महिनोन्‌महिने तंबाखू ठेवूनही अनेक प्रयोगांत हॅमस्टरला कर्करोग झाला नाही, आणि तोच तंबाखू इकडे माणसांना मारत होता. हैदराबादच्या कुत्र्यांच्या बाबतीत जे झालं, तेच इथे दुसऱ्या रीतीनं झालं. कत्तलखान्यातून आणलेला डुकराच्या गालाचा तुकडा माणसाच्या बराच जवळचा निघाला, म्हणून औषधशाळांत तो आजही वापरतात. तरी तो तुकडा काही तासांतच मरू लागतो आणि दर डुकरागणिक उत्तर थोडं बदलतं.

माणसाच्या तोंडातच थेट प्रयोग करण्याचा मार्ग १९६७ साली लंडनच्या बेकेट आणि ट्रिग्ज यांनी काढला. औषधाचं पाणी तोंडात घ्यायचं, पाच मिनिटं खळखळवायचं, थुंकायचं आणि थुंकलेल्यात औषध किती कमी झालं ते मोजायचं. युक्ती साधी आणि सुंदर होती. त्यातून एवढंच कळे की तोंडानं इतकं शोषलं; ते जिभेनं, गालानं की हिरडीनं, हे मात्र सांगता येत नसे. शिवाय विषारी पदार्थ असा कुणाच्या तोंडात घालता येत नाही.

१९७५ साली दोन वेगवेगळी कामं प्रसिद्ध झाली आणि त्यांनी मिळून वाट मोकळी केली. अमेरिकेत जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून दाखवल्या. या पेशी एकट्या वाढेनात, म्हणून त्यांनी वाढ थांबवलेल्या उंदराच्या पेशींचा थर दाईसारखा खाली ठेवला. आठ वर्षांनी याच तंत्रानं, जवळजवळ सारं अंग भाजलेल्या दोन भावांना त्यांच्याच कातडीच्या एवढ्याशा तुकड्यातून वाढवलेली नवी कातडी मिळाली आणि ते जगले. त्याच १९७५ साली थॉमस फ्रांझ यांनी काचेचं एक छोटं उपकरण वापरून कातडीतून पदार्थ किती उतरतो ते मोजण्याची पद्धत मांडली. वर एक कप्पा, खाली एक कप्पा, मधे कातडी. या 'फ्रांझ सेल'शिवाय मलम किंवा पट्टी बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीची प्रयोगशाळा आज पुरी होत नाही, आणि औषधनिर्मितीची राजधानी असलेल्या हैदराबादमध्ये तर अशी उपकरणं शेकड्यांनी असतील.

कातडीनंतर तोंडाची पाळी आली. १९८६ साली लंडनच्या हार्वे आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या गालातल्या तंतूपेशी वाढवून त्यांच्यावर सुपारीतली अल्कलॉइड टाकली, आणि पेशी जोमानं वाढून जास्त कोलाजेन तयार करताना आढळल्या. जोशींनी मुंबईत पाहिलेलं ताठ झालेलं तोंड तेहतीस वर्षांनी बशीत उलगडत होतं. त्यानंतर फ्रान्समध्ये लिऑंला आणि अमेरिकेत बोस्टनजवळ कंपन्यांनी माणसाच्या हिरडीच्या पेशींपासून तयार ऊतक विकायला काढलं. टूथपेस्ट आणि माउथवॉश बनवणारे ते विकत घेतात आणि आपला माल हिरडीला किती झोंबतो, किती आत जातो ते पाहतात.

अशी हिरडी वाढवतात तरी कशी? अक्कलदाढ काढताना किंवा हिरडीची शस्त्रक्रिया करताना जो टाकाऊ तुकडा उरतो तो, रोग्याची लेखी संमती घेऊन, थंड पोषकद्रवात प्रयोगशाळेत येतो. नखाएवढा असला तरी चालतो. एका विकरात रात्रभर ठेवला की वरचा थर खालच्या मांसल भागापासून चिमट्यानं पदरासारखा सोलून निघतो. तो दुसऱ्या विकरानं सुटा सुटा करून पेशी मोकळ्या करतात आणि ३७ अंशांच्या उबवणयंत्रात, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात. पुरेशा झाल्या की त्या एका छोट्या पेल्यात पेरायच्या. या पेल्याचा तळ म्हणजे बारीक छिद्रांचा प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि तो पोषकद्रवात उभा असतो.

पहिले काही दिवस पेशी द्रवात बुडलेल्या असतात आणि त्यांचा एक सपाट थर बनतो. मग वरचा द्रव काढून घेतात. आता पेशींना अन्न फक्त खालून मिळतं आणि वरून हवा लागते. या एका बदलानं पेशींची वागणूक पालटते. खालच्या विभागत राहतात, वरच्या चपट्या होत जातात, थरावर थर चढतो आणि साधारण दोन आठवड्यांत वर केराटिन दिसू लागतं. आडवा छेद घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर शिकाऊ डॉक्टरला ती खरी हिरडी वाटावी. भिंत नीट उभी राहिली की नाही हे दोन विद्युतकांड्यांनी तपासतात: अस्तर अखंड असेल तर विजेला चांगला अडथळा होतो, कुठे भोक असेल तर आकडा घसरतो. पेशी जिवंत आहेत का, यासाठी एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य घालतात. जिवंत पेशी ते जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत.

मग खरी परीक्षा. वर निकोटिन, किंवा एखादं औषध, किंवा टूथपेस्टचं पाणी. खाली खारं द्रावण. दर काही मिनिटांनी खालचा थोडासा द्रव काढून त्यात पदार्थ किती उतरला ते यंत्रानं मोजायचं. सुरुवातीला काहीच येत नाही, मग थोडं, मग ठरावीक गतीनं येत राहतं. सुरुवातीचा विलंब आणि नंतरची गती, या दोन आकड्यांसाठी आधीचा सगळा खटाटोप.

हैदराबादच्या पूर्व भागात, उस्मानिया विद्यापीठाच्या आसपास, या इतिहासाची दोन टोकं एकमेकांपासून थोड्याच अंतरावर उभी आहेत. तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासासाठी सुरू केलेली ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली. देशभरच्या प्रयोगशाळांना उंदीर, गिनीपिग, ससे पुरवणारं आणि त्यांची निगा राखण्याचं शिक्षण देणारं राष्ट्रीय केंद्रही तिथे उभं राहिलं. जवळच हबशीगुड्याला सीसीएमबी, म्हणजे पेशीय आणि रेण्वीय जीवविज्ञान केंद्र. तिथल्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेच्या जीवरसायन विभागातून पुष्पमित्र भार्गव यांनी १९७७ साली हे केंद्र उभं केलं. पेशी हा विषय घेऊन भारतात एवढी मोठी संस्था तोवर कुणी काढली नव्हती.

माणसाच्या तोंडातलं अस्तर वाढवण्याचं हैदराबादमधलं ठळक काम मात्र झालं डोळ्यांच्या इस्पितळात. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी ऐंशीच्या दशकात स्थापलेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत अ‍ॅसिड, चुना आणि कारखान्यातली रसायनं डोळ्यात गेलेले रोगी देशभरातून येत. अशा भाजण्यात बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी मरतात, त्या मेल्या की बुबुळाचं पारदर्शक अस्तर पुन्हा उगवत नाही आणि दृष्टी जाते. तंबाखूबरोबर विकल्या जाणाऱ्या चुन्याच्या पुड्या फुटून लहान मुलांचे डोळे जातात, हे भारतातले नेत्रतज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. जो चुना बापाच्या हिरडीतून निकोटिन आत सोडतो, तोच मुलाच्या डोळ्यात जातो.

वीरेंद्र सांगवान आणि गीता वेमुगंटी यांच्या चमूनं २००१च्या सुमारास रोग्याच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा कणभर तुकडा घेऊन, तो प्रसूतीनंतर मिळालेल्या वारेच्या पातळ पडद्यावर वाढवून, भाजलेल्या डोळ्यावर बसवायला सुरुवात केली. उंदराच्या दाई-पेशी त्यांनी वापरल्या नाहीत आणि पोषणासाठी रोग्याच्याच रक्तातला द्रव वापरला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या लेखाजोख्यात २०० रोग्यांपैकी ७१ टक्क्यांमध्ये यश आलं होतं. जगभरात अशा शस्त्रक्रियांचे एवढे मोठे आकडे फार थोड्या ठिकाणचे होते.

दोन्ही डोळे भाजलेल्यांचं काय? त्यांच्याकडे चांगली कड उरलेलीच नसते. जपानमध्ये कोहजी निशिदा यांनी २००४ साली चार रोग्यांच्या गालाच्या आतल्या पेशी वाढवून त्यांच्या डोळ्यांवर बसवल्या होत्या. हैदराबादच्या संस्थेनं माणसाच्या तोंडातलं अस्तर वारेच्या पडद्यावर कसं वाढतं आणि वाढलेल्या पेशींत कोणती लक्षणं दिसतात, याचा तपशीलवार अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. म्हणजे हिरडीच्या शेजारच्या अस्तराची शेती या शहराला तेव्हापासून जमते आहे.

डोळ्यावर बसवायचं अस्तर आणि पदार्थाची परीक्षा घ्यायचं अस्तर यांच्या गरजा वेगळ्या आहेत, हे इथे सांगायला हवं. डोळ्याला पातळ, पारदर्शक, पटकन चिकटणारा थर लागतो. परीक्षेला जाड, पुरा पिकलेला, गळती नसलेला थर लागतो. पहिलं जमलं म्हणून दुसरं आपोआप जमत नाही. सांगवान यांनी पुढे २०१२ साली प्रयोगशाळेचा टप्पाच वगळला: चांगल्या डोळ्याच्या कडेच्या तुकड्याचे कण करून थेट डोळ्यावर ठेवले, आणि ते तिथेच वाढले. गरीब रोग्यांसाठी हा फार मोठा दिलासा होता.

दरम्यान कायदा बदलला. मे २०१४मध्ये भारतानं सौंदर्यप्रसाधनांची जनावरांवर चाचणी घेण्यावर बंदी आणली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशा चाचण्या केलेल्या मालाची आयातही थांबवली. टूथपेस्ट आणि दंतमंजन आपल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनातच मोडतात, त्यामुळे हिरडीचा प्रश्न थेट या बंदीच्या कक्षेत आला. मार्च २०२३मध्ये नव्या औषधांच्या नियमांतही दुरुस्ती झाली आणि माणसाच्या पेशी, ऊतक, चिपवरचे अवयव यांच्यावरच्या चाचण्यांना जनावरांऐवजी जागा मिळाली. सीसीएमबीच्या उद्योगकेंद्रात माणसाच्या पेशींवर आधारलेल्या अशा चाचण्यांसाठी वेगळं केंद्र उभं आहे. २०२०च्या करोनासाथीत सीसीएमबीनं विषाणू आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवला, आणि त्याचबरोबर बंगळुरूच्या आयस्टेम कंपनीबरोबर माणसाच्या फुफ्फुसाच्या अस्तराच्या पेशींवरही काम हाती घेतलं, कारण हा रोग माणसाच्या फुफ्फुसाचा होता.

परदेशातून तयार हिरडी मागवणं हा उपाय तोकडा आहे. ती पोषक जेलीवर बसवून विमानानं येते आणि पोचल्यावर काही दिवसांतच वापरावी लागते. विमानतळावरच्या कागदपत्रांत अडकली तर मरून जाते. शिवाय ती हिरडी कुण्या युरोपीय किंवा अमेरिकन माणसाची असते. तिनं कधी तंबाखूची चिमूट धरलेली नसते, तिच्यावर कधी मिश्री घासलेली नसते, तिच्या खाली सुपारीनं ताठ केलेला थर नसतो. माउथवॉशच्या कंपनीला एवढ्यानं चालतं. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरडीतून काय आत जातं, याचं उत्तर तिच्यातून मिळत नाही. एकट्या थराची हिरडी रक्तपुरवठ्याविना, लाळेविना आणि तोंडातल्या जिवाणूंविना असते, ही उणीव तर सगळ्याच वाढवलेल्या ऊतकांची आहे. खाली तंतूपेशींचा थर घालून निदान एकट्या थराची उणीव काही अंशी भरून काढतात.

आपल्याकडे कच्चा माल रोज तयार होतो. हैदराबादचं सरकारी दंत महाविद्यालय असो की मुंबई-नागपूरची, दाढ काढताना निघालेला हिरडीचा तुकडा जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला जातो. त्याऐवजी नैतिकता समितीची परवानगी, रोग्याची सही, आणि सोबत एक छोटी नोंद हवी: वय, तंबाखू किती वर्षं, चुना घालून की बिनचुन्याची, मिश्री दिवसातून किती वेळा. अशा तुकड्यातल्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षं टिकतात. मग मिश्री लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या दोन बायकांच्या हिरड्या शेजारी शेजारी वाढवून, दोन्हींवर तोच तंबाखू आणि तोच चुना ठेवून, खालच्या द्रवात काय उतरतं ते दर पाच मिनिटांनी मोजता येईल.